सिग्नल जनरेटर: व्हॉल्व्ह रेडिओ जुळवणाऱ्या उपकरणांची पार्श्वभूमी

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या दुरुस्तीत अलाइनमेंट, म्हणजे सर्किटांची जुळवणी, सगळ्यात शेवटी येते. कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह तपासले, आवाज सुरू झाला, तरी स्टेशनं डायलवर भलत्या जागी लागतात, एकमेकांवर चढतात, नाहीतर बँडच्या एका टोकाला सेट बहिराच राहतो. मग आयएफटीचे (आतल्या आयएफ ट्रान्सफॉर्मरचे) आणि ट्रिमरचे (जुळवणीच्या छोट्या कंडेन्सरचे) स्क्रू फिरवावे लागतात. ते फिरवताना ज्याची वारंवारता पक्की ठाऊक आहे असा सिग्नल सेटमध्ये सोडावा लागतो, आणि तो देणारं उपकरण म्हणजे सिग्नल जनरेटर. आज हाती येणारे असे बरेचसे जनरेटर स्वतःच साठ-सत्तर वर्षांचे झाले आहेत. रेडिओच्या आधी त्यांनाच दुरुस्त करावं लागतं. त्यांच्यातल्या कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे ती उपकरणं का आणि कशी घडली ते समजल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

1920 च्या दशकातल्या सुरुवातीच्या सेटना अलाइनमेंट लागतच नसे. दोन-तीन ट्यून्ड टप्पे, प्रत्येकाला वेगळी खुंटी; ऐकणाऱ्यानं एकेक खुंटी फिरवत स्टेशन पकडायचं. बदल झाला तो सुपरहेटरोडाइनमुळे. एडविन आर्मस्ट्राँग अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला होता, तेव्हा 1918 मध्ये त्यानं ही रचना मांडली. फ्रान्सच्या ल्युसियाँ लेव्हीनं त्याआधी तशाच कल्पनेचं पेटंट मागितलं होतं आणि त्यावरून पुढे वादही झाला. कल्पना अशी, की कुठलंही स्टेशन लावा, सेटमधला ऑसिलेटर, म्हणजे स्वतः लहरी निर्माण करणारं सर्किट, त्याला एकाच ठरावीक वारंवारतेवर आणतो आणि मुख्य अ‍ॅम्प्लिफिकेशन तिथेच होतं. ही मधली वारंवारता म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला आयएफ म्हणतात ती. अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं 1924 मध्ये असा सेट बाजारात आणला. 1930 च्या सुमारास इतर कंपन्यांना परवाने मिळू लागले आणि काही वर्षांतच बाकीच्या रचना मागे पडल्या.

ऐकणाऱ्याचं काम एका खुंटीवर आलं, पण अवघड भाग सेटच्या आत गेला. आयएफच्या दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये मिळून चार ट्यून्ड सर्किटं असतात आणि ती चारही एकाच वारंवारतेवर बसावी लागतात. शिवाय गँग (खुंटीनं फिरणारा जोड-कंडेन्सर) फिरताना ऑसिलेटर डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेशनपेक्षा बरोबर आयएफइतका वर राहायला हवा. त्यासाठी 1400 किलोहर्ट्झच्या आसपास ट्रिमर आणि 600 च्या आसपास पॅडर (ऑसिलेटरचा दुसरा जुळवणीचा कंडेन्सर) जुळवायचा, आणि एकानं दुसरं हलतं म्हणून पुन्हा पहिल्याकडे यायचं. हे कानानं साधत नाही. चारही सर्किटं 440 वर जुळवली तरी सेट वाजतो, मोठ्यानं वाजतो, आणि मेकॅनिकला काम झालं असं वाटतं. पण डायल आणि ट्रॅकिंग (ऑसिलेटरचं स्टेशनपासून ठरलेलं अंतर राखणं) दोन्ही बिघडलेले असतात.

आयएफचा आकडाही सुरुवातीपासून 455 नव्हता. अमेरिकेत आधी 175 आणि 262 किलोहर्ट्झचे सेट आले. 175 ची अडचण सोपी आहे: रेडिओ 700 वर लावला की ऑसिलेटर 875 वर चालतो, आणि 1050 वरचं स्टेशनही त्यात तेवढ्याच फरकानं शिरू शकतं. आयएफ 455 केली की ही सावली 1610 वर, म्हणजे बँडबाहेर जाते. ब्रिटिश कंपन्या 465 वापरत, आणि युरोपात 470 च्या आसपासचे सेटही भेटतात. म्हणून जुना सेट उघडला की आयएफ किती ते सर्व्हिस शीटमध्ये पाहूनच स्क्रूला हात लावावा. सगळं 455 धरून चालणाऱ्यांनी चांगले सेट बिघडवलेले मी पाहिले आहेत.

सेट तपासायला सिग्नल हवा, हे कारखान्यांना आधी जाणवलं. तिथून उपकरणांच्या दोन वेगळ्या जाती निघाल्या. या दोन जातींची गल्लत होते तिथेच दुरुस्ती फसते.

पहिली जात प्रयोगशाळेची. मेलव्हिल ईस्टहॅमनं 1915 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये काढलेली जनरल रेडिओ कंपनी यात अग्रणी होती. ब्रिटनमध्ये मार्कोनीचा टीएफ 144 जी हा मान्यवर जनरेटर. 85 किलोहर्ट्झ ते 25 मेगाहर्ट्झ असा त्याचा पल्ला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो सैन्याच्या कार्यशाळांत सर्रास होता. या उपकरणांकडून नुसती वारंवारता अपेक्षित नव्हती. रेडिओ किती संवेदनशील आहे हे आकड्यात सांगायचं तर त्याला किती मायक्रोव्होल्टचा सिग्नल दिला हे ठाऊक हवं. त्याची रीतही ठरली: 400 हर्ट्झचं 30 टक्के मॉड्युलेशन (सिग्नलवर चढवलेला सूर), आणि जनरेटर व सेट यांच्यामध्ये खऱ्या एरियलची जागा घेणारं डमी एरियल.

मायक्रोव्होल्ट देणं मात्र फार कठीण होतं. आतला ऑसिलेटर एखादा व्होल्ट निर्माण करतो. त्यातून एक मायक्रोव्होल्ट काढायचा म्हणजे दहा लाखावा भाग. सिग्नल असा कमी करणारा भाग म्हणजे अ‍ॅटेन्युएटर. अ‍ॅटेन्युएटरचे रेझिस्टन्स कितीही अचूक असोत, डब्याच्या फटीतून, मीटरच्या काचेतून, मेन्सच्या वायरीतून ऑसिलेटर बाहेर झिरपत असेल तर तो आकडा खोटा ठरतो. म्हणून या जनरेटरांत डब्यात डबा असतो, जाड ओतीव धातूच्या भिंती असतात, झाकणाला डझनभर स्क्रू असतात आणि मेन्सची वायर आत शिरते तिथे फिल्टर असतो. असा जनरेटर उघडणाऱ्यानं झाकण बसवताना चार स्क्रू कमी लावले, तर त्यानं उपकरणाचा अर्धा गुण काढून टाकला असं समजावं.

दुसरी जात दुकानातल्या सर्व्हिस ऑसिलेटरची. एक-दोन व्हॉल्व्ह, पत्र्याचा डबा, हँडल, छापील डायल, आणि आउटपुट कमी-जास्त करायला साधा पोटेन्शिओमीटर. डायलची अचूकता एक-दोन टक्के, म्हणजे 455 वर काटा ठेवला तर प्रत्यक्षात 450 किंवा 460 निघू शकतं. मायक्रोव्होल्टची कसलीही हमी नाही. बऱ्याच मॉडेलांत वरच्या पट्ट्या वेगळ्या नसतातच. खालच्या पट्टीची दुसरी किंवा तिसरी हार्मोनिकच (मूळ वारंवारतेची दुप्पट किंवा तिप्पट) वेगळ्या आकड्यांनी डायलवर छापलेली असते. युद्धानंतर अमेरिकेत हीथकिटनं हे घरी जोडायच्या रूपात आणलं. 1947 मध्ये त्यांनी युद्धातून उरलेली कॅथोड-रे ट्यूब वापरून 39.50 डॉलरचं ऑसिलोस्कोपचं किट विकलं, आणि त्याच्या यशानंतर सिग्नल जनरेटर, व्हॉल्व्ह व्होल्टमीटर यांची रांग लागली. ही उपकरणं स्वस्त होती, पण लबाड नव्हती. सेट जुळवायला ती पुरत होती, कारण दुकानदाराला मायक्रोव्होल्ट मोजायचाच नव्हता. आउटपुट सर्वांत जास्त कुठे येतं एवढंच पाहायचं होतं.

व्होल्टेज मोजण्याच्या मीटरचीही अशीच एक कहाणी आहे आणि ती आज फार जणांना चकवते. लंडनचा एव्होमीटर 1923 मध्ये आला, ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून. 1930 च्या दशकातला मॉडेल 7 प्रति व्होल्ट सुमारे 500 ओहमचा, म्हणजे रेंजच्या दर व्होल्टमागे मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स एवढा. 1951 चा मॉडेल 8 डीसीवर 20,000 ओहमचा. जुन्या सर्व्हिस शीटमधली व्होल्टेजं त्या काळच्या मीटरनं मोजलेली आहेत. समजा एका पॉइंटवर मीटर न लावता 150 व्होल्ट आहेत आणि त्यामागे 100 किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. 400 व्होल्टच्या रेंजवर मॉडेल 7 स्वतः 200 किलोओहमचा होतो आणि 100 व्होल्ट दाखवतो. आजचा 10 मेगाओहमचा डिजिटल मीटर तिथे 148 च्या पुढे दाखवेल. शीटमध्ये 100 लिहिलेलं असतं, आणि नवा मेकॅनिक नसलेला दोष शोधत बसतो. एव्हो आठची मागणी अजून टिकून आहे त्याचं हेही एक कारण.

आता मुख्य प्रश्न: जनरेटरची डायल बरोबर आहे हे ठरवणारं कोण? वॉल्टर केडीनं 1921 मध्ये क्वार्ट्झ स्फटिकानं ऑसिलेटर स्थिर ठेवता येतो हे दाखवलं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं 1923 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्रावरून प्रमाणित वारंवारता हवेतून पाठवायला सुरुवात केली. या गोष्टीचं मोल मला फार मोठं वाटतं. वजनमापं तपासायला सरकारी कार्यालयात जावं लागतं. वारंवारतेचं माप मात्र ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याच्या टेबलावर फुकट येऊ लागलं. ब्रिटनमध्ये बीबीसीचं ड्रॉइटविचचं लाँगवेव्ह प्रक्षेपण याच कामाला येई: आधी 200 किलोहर्ट्झ, 1988 पासून 198. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं 1959 मध्ये एटीए हे केंद्र सुरू केलं. 10 मेगाहर्ट्झवरचे त्याचे टिकटिक ठोके शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असतील.

तुलना करायची रीत झीरो बीटची. रेडिओवर प्रमाणित केंद्र लावायचं, जनरेटरचा सिग्नल जवळ आणायचा. दोघांच्या फरकाची शिट्टी ऐकू येते, ती खाली खाली उतरत जाते आणि दोन्ही जुळले की विरते. अमेरिकी सैन्याचा बीसी-221 हा वारंवारतामापक याच तत्त्वावर होता. त्यात 1000 किलोहर्ट्झचा क्रिस्टल, हेडफोन, आणि प्रत्येक नगासाठी स्वतंत्रपणे तयार केलेली आकड्यांची वही. वही त्याच क्रमांकाच्या नगाची असली तरच उपयोग. दुसऱ्याची चालत नाही.

महाराष्ट्रात या विद्येला जागा मिळाली ती प्रसारणाच्या मागोमाग. मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनू लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोड सुट्या भागांसाठी प्रसिद्ध झाला, आणि युद्धानंतर निघालेला लष्करी माल जुन्या बाजारांतून कार्यशाळांत व हौशी हॅम मंडळींकडे पोचला. गावोगावच्या दुकानांत मात्र जनरेटर दुर्मीळच. तिथे आकाशवाणीचं केंद्र हेच माप असे, आणि ते माप वाईट नव्हतं; पुण्याची 792 किलोहर्ट्झची लहर कुठल्याही सर्व्हिस ऑसिलेटरच्या डायलपेक्षा कितीतरी पक्की. फक्त आयएफ जुळवायला तिचा थेट उपयोग नव्हता, आणि नेमकी तिथेच अंदाजानं कामं होत. जुने आकडे वापरताना आणखी एक पाहावं: आपल्याकडे मीडियम वेव्हवर स्टेशनांमधलं अंतर 9 किलोहर्ट्झ झालं ते नोव्हेंबर 1978 पासून, त्यामुळे त्याआधीच्या नोंदवहीतले आकडे आजच्याशी जुळतीलच असं नाही.

ही पार्श्वभूमी हाती असली की दुरुस्तीचा क्रम आपोआप लागतो. वारंवारता ठरवणारे भाग म्हणजे कॉइल, हवेचा गँग, सिल्व्हर मायका कंडेन्सर. ते सहसा दगा देत नाहीत आणि त्यांनाच हात लावायचा नसतो. खराब होतात ते मेणाच्या कागदाचे कंडेन्सर, इलेक्ट्रोलिटिक, वाढत गेलेले कार्बन रेझिस्टन्स आणि सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग). सेलेनियम काढून सिलिकॉन डायोड घातला तर व्होल्टेज वाढतं आणि ऑसिलेटरची पातळी बदलते, म्हणून मालिकेत एक रेझिस्टन्स घालून ते जुन्या आकड्यावर आणावं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या नगात कॉइलवर ओल आणि बुरशी असते. आधी दिव्याच्या उबेत वाळू द्यावं, खरवडू नये.

मेन्सपासून डब्याला जोडलेले कंडेन्सर सगळ्यात आधी बदलावेत. बरेच जण ते काढूनच टाकतात. ते तिथे आहेत ते वायरीतून ऑसिलेटर झिरपू नये म्हणून. काढले तर अ‍ॅटेन्युएटर फसवू लागतो. जुने ठेवले आणि दोन पिनांचा प्लग असला तर डबा झटका देतो, आणि कंडेन्सर पुरता गळका असला तर जीवघेणा ठरतो. त्या जागी मेन्ससाठी बनवलेले वाय वर्गाचे कंडेन्सर आणि अर्थिंगसह तीन तारांची वायर, हाच एक मार्ग मी योग्य मानतो.

कॅलिब्रेशनला बसण्याआधी जनरेटर अर्धा तास तापू द्यावा. सगळ्या पट्ट्यांवर काटा एकाच बाजूला सारखाच सरकलेला दिसला, तर बहुधा डायल दांड्यावर घसरली आहे. ती सरळ केली की अर्धं काम होतं. एखाद्या पट्टीचं वरचं टोक तेवढं चुकत असेल तर ट्रिमर, खालचं चुकत असेल तर कॉइलचा गाभा, आणि दोन्ही जुळेपर्यंत आळीपाळीनं. व्हॉल्व्ह बदलला असेल तर वरचं टोक सरकणारच, कारण प्रत्येक नगाची आतली कपॅसिटन्स थोडी वेगळी असते. गँगच्या बाहेरच्या पत्र्याला चिरा दिसतात. कारखान्यात त्या पाकळ्या वाकवून मधले आकडे जुळवलेले असतात. त्यांना पक्कड लावू नये.

वारंवारतेचा भाग आता सोपा झाला आहे. स्वस्त फ्रीक्वेन्सी काउंटर आउटपुटला लावला की 455 खरंच 455 आहे का हे लगेच दिसतं, आणि काउंटर तपासायला उपग्रहांच्या जीपीएस सिग्नलला बांधलेला 10 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर हौशी माणसाच्याही आवाक्यात आला आहे. मायक्रोव्होल्टचा भाग मात्र तेवढाच अवघड राहिला आहे. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर रेडिओ जनरेटरच्या वारंवारतेवर लावावा, अ‍ॅटेन्युएटर शून्यावर आणून आउटपुटचं तोंड धातूच्या टोपीनं झाकावं आणि रेडिओ डब्याभोवती, वायरीजवळ, मीटरच्या काचेसमोर फिरवावा. 400 हर्ट्झचा सूर जिथे ऐकू येईल तिथून गळती आहे.