तूर द कॉर्स

भूमध्य समुद्रातील कॉर्सिका या फ्रेंच बेटावरील अनेक दिवसांची आंतरराष्ट्रीय मोटार रॅली. १९७३ मध्ये जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या हंगामाची अखेरची फेरी हीच होती. मधला काही काळ वगळता २०१९ पर्यंत या स्पर्धेतील तिचे स्थान टिकले. बेटाचे क्षेत्रफळ सु. ८,६८० चौ. किमी. असून मोंते चिंतो (२,७०६ मी.) हे सर्वोच्च शिखर किनाऱ्यापासून फार दूर नाही. त्यामुळे सपाट, सरळ रस्ता दुर्मिळ. अरुंद डांबरी घाटरस्ता, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि कडेला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा, असा बहुतेक मार्ग असतो.

‘दहा हजार वळणांची रॅली’ हे तिचे रूढ बिरुद. ही संख्या कोणी शिस्तीत मोजल्याचा आधार मिळत नाही. मार्ग दरवर्षी बदलत असल्याने एकच आकडा सर्व वर्षांना लागू पडणेही कठीण, म्हणून ते प्रसिद्धीसाठीचे विशेषण मानणे सयुक्तिक. मात्र दोन वळणांमध्ये गाडी सरळ करून दम घ्यायला जागा नसते, हा चालकांचा अनुभव त्यातून नेमका व्यक्त होतो.

प्रारंभाविषयी दोन मते आढळतात. काही जण १९२१ मध्ये याच बेटावर झालेल्या ग्रां प्रीपर्यंत परंपरा मागे नेतात. ती शर्यत आल्बेर ग्वियोने बिन्यान मोटारीतून जिंकली होती. परंतु ती ठरावीक चकराकार मार्गावर फेऱ्या मारण्याची शर्यत होती. वेळापत्रक, जोडमार्ग आणि स्वतंत्रपणे वेळ मोजलेले टप्पे ही रॅलीची लक्षणे तिच्यात नव्हती. शिवाय दोहोंत तीन दशकांहून अधिक खंड पडतो. त्यामुळे १९२१ ची शर्यत पूर्वपीठिका म्हणून नोंदवावी आणि गणना १९५६ पासून धरावी, हेच अधिक ग्राह्य वाटते. १९५६ ची पहिली रॅली बेल्जियमच्या झिल्बेर्त तिरियाँ यांनी रेनॉ दोफिन या लहान मागील-इंजिनाच्या मोटारीतून जिंकली. पहिला मान एका महिला चालकाला मिळाला, ही बाब नंतरच्या इतिहासलेखनात बरीचशी झाकोळली गेली आहे.

सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सलग, रात्रीसह, बेटाला वळसा घालण्याचे स्वरूप होते. पुढे दिवसवार भाग पाडण्यात आले, तरी टप्पे लांबच राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यास वेळ मोजलेल्या खास टप्प्यांची बेरीज सु. हजार किमी.च्या घरात जाई. २०१९ मध्ये १४ टप्पे मिळून ती सु. ३४७ किमी. होती. त्यातील कास्तान्यिच्च्या हा एकच टप्पा ४७ किमी.चा, म्हणजे जवळपास अर्धा तास अखंड वळणांचा.

इथली गाडी खडीवरच्या रॅलीपेक्षा वेगळी बांधतात. जमिनीपासूनची उंची कमी करतात, स्प्रिंग कडक घेतात, १५ ऐवजी १८ इंची रिम आणि मोठ्या ब्रेक-चकत्या बसवतात. २०१७ नंतरच्या नियमांत पुढील चकती खडीवर ३०० मिमी., तर डांबरावर ३७० मिमी.पर्यंत असते. तरीही लांब उतारावर ब्रेक तापून पेडल खोल जाते. पुढचे टायर प्रमाणाबाहेर तापले की पकड सुटते आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक वळणाबाहेर ओढले जाते. असे झाल्यावर स्टिअरिंग आणखी फिरवल्यास टायर अधिकच घासतो. वेग थोडा सोडणे हाच उपाय. टायरची निवड हा स्वतंत्र प्रश्न आहे. किनारा कोरडा आणि हजार मीटरवरची खिंड ओली, अशी स्थिती एकाच टप्प्यात येते. टायरच्या रबराचे मऊ मिश्रण घेतले तर कोरड्या भागात ते शेवटापर्यंत पुरत नाही. कडक घेतले तर ओल्या, सावलीतल्या भागात गाडी घसरते.

मार्ग-टिपणांवर इथे सर्वाधिक भिस्त. पाहणीत प्रत्येक टप्प्यावरून मर्यादित वेगाने दोनदा जाता येते. पहिल्या खेपेस चालक सांगतो व सहचालक लिहितो, दुसऱ्या खेपेस वाचून दुरुस्ती होते. वळणाची तीव्रता आकड्याने, अंतर मीटरने आणि इशारा शब्दाने येतो. ‘डावे चार, तीस, उजवे दोन आवळत, कापू नको’ एवढ्या ओळीत पुढील दोन वळणे, मधली तीस मीटर आणि आत दगड असल्याची सूचना सामावते. वाचन साधारण एक वळण पुढे चालावे लागते. एखादी ओळ गळली तर जागा पुन्हा सापडेपर्यंत चालकाला डोळ्यांवर विसंबून हळू जावे लागते. ‘कापणे’ म्हणजे आतली चाके डांबराबाहेर टाकून वळण आखूड करणे. याने सेकंद वाचतात, पण माती-खडी रस्त्यावर येते आणि मागून येणाऱ्यांची पकड जाते. म्हणून सर्वांत आधी सुटण्याचा, खडीवर तोट्याचा ठरणारा क्रमांक इथे फायद्याचा. आतल्या बाजूचा लपलेला दगड किंवा खड्डा टायरही फाडतो. २०१९ मध्ये अखेरच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर असलेला एल्फिन एव्हान्स टायर पंक्चर झाल्याने विजय गमावून बसला आणि तिएरी नूव्हील जिंकला.

वेळेचा हिशेब इतर फेऱ्यांसारखाच : तपासनाक्यावर उशीर झाल्यास मिनिटाला १० सेकंद आणि लवकर पोहोचल्यास मिनिटाला पूर्ण मिनिट दंड.

या रॅलीचे नाव ‘ग्रुप बी’ या १९८० च्या दशकातील अतिशक्तिशाली रॅली मोटारींच्या वर्गाच्या अंताशी कायमचे जोडले गेले आहे. २ मे १९८५ रोजी लान्च्या ०३७ चालवणारा आत्तिल्यो बेत्तेगा झाडावर आदळून मरण पावला, सहचालक वाचला. बरोबर वर्षाने, २ मे १९८६ रोजी, आघाडीवर असलेला फिन्निश चालक हेन्री तोइव्होनेन आणि सहचालक सेर्ज्यो क्रेस्तो हे कॉर्ते–तावेर्ना या अठराव्या टप्प्यात डाव्या वळणावर दरीत कोसळले. गाडीने पेट घेतला आणि दोघेही मरण पावले. दोन्ही गाड्यांचा क्रमांक ४ होता. यावर पुष्कळ लिहिले गेले, पण त्या योगायोगातून काही निष्पन्न होत नाही.

कारणाबाबत मतभेद आहेत. तोइव्होनेन तापाने आजारी होता व औषधे घेत होता, म्हणून काही जण थकव्याला दोष देतात. काही टायर किंवा यांत्रिक बिघाडाचा संशय घेतात. अपघाताचा जवळून साक्षीदार नव्हता. आगीनंतर नळ्यांच्या सांगाड्याखेरीज तपासण्याजोगे फारसे उरले नाही, त्यामुळे दोन्ही तर्क सिद्ध होत नाहीत. आग इतकी भडकण्याचे स्पष्टीकरण मात्र बरेच पक्के आहे. तोइव्होनेनच्या लान्च्या डेल्टा एस४ मध्ये इंधनाच्या टाक्या आसनांखाली होत्या. डांबरी रॅलीत वजन वाचवण्यासाठी तळाचे संरक्षक कवच लावलेले नव्हते. झाडाने टाकी फाटली आणि प्लॅस्टिक-मिश्रित बाह्यांगाने पेट घेतला. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये प्रेक्षक मृत्युमुखी पडले होतेच. काही तासांतच आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघाचे अध्यक्ष झाँ-मारी बालेस्त्र यांनी १९८७ पासून ग्रुप बी बंद करण्याची घोषणा केली. त्या वर्षी विजयी ठरलेला ब्रुनो साबी प्यूजो २०५ टी१६ चालवत होता.

बेर्नार दार्निश आणि दिदिए ओरिओल हे प्रत्येकी सहा वेळा जिंकले. सेबास्तियाँ लोएबने २००५ ते २००८ सलग चार विजय मिळवले. २००५ मध्ये तर सर्व १२ टप्पे त्याचेच होते. २००९ मध्ये ही फेरी जागतिक मालिकेतून वगळली गेली व २०१० मध्ये फ्रान्सची फेरी अल्सासला हलली. २०११ पासून दुय्यम आंतरराष्ट्रीय मालिकांत काढल्यावर २०१५ मध्ये ती परतली, परंतु २०२० च्या कार्यक्रमात तिला स्थान मिळाले नाही. जुन्या मोटारींसाठीची स्वतंत्र ऐतिहासिक रॅली २००१ पासून बेटावर भरते.