ग्लुटेन सोडल्यावर पोट कधी निवळते?

सिलिॲक आजाराचे निदान झाले की घरची मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात, की गहू बंद केल्यावर किती दिवसांत बरे वाटेल. त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण त्रास थांबणे आणि आतडे भरून येणे या दोन गोष्टींना लागणारा वेळ फार वेगळा असतो.

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे या रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे, मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे झिजून जातात. ग्लुटेन पूर्ण थांबले की जुलाब, पोट फुगणे आणि मळमळ बहुतेकांना काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत कमी जाणवते. लोहाच्या कमतरतेमुळे आलेला रक्तक्षय मात्र काही महिने घेतो, रक्तातील प्रतिपिंडे (रोगप्रतिकारशक्तीने तयार केलेली, रक्ततपासणीत दिसणारी प्रथिने) खाली यायला अनेकदा वर्ष लागते आणि उंचवटे पुन्हा उगवण्यास मुलांपेक्षा मोठ्या माणसांत जास्त वेळ जातो, कधी दोन वर्षांहून अधिक. म्हणूनच महिनाभरात पोट निवळले म्हणून पोळी पुन्हा सुरू करणे घातक ठरते. हे पथ्य जन्मभराचे आहे.

मराठवाड्यात ज्वारीची भाकरी घरोघरी असल्याने हे पथ्य अवघड वाटू नये, कारण ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते. तरीही महिने उलटूनही त्रास हटत नसेल, तर बहुतेक वेळा नकळत पोटात जाणारा गहूच त्याला कारणीभूत असतो. गावातल्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून होतात आणि त्याच दगडांत, त्याच कापडी नळीतून आपली शाळू उतरते; नळीला चिकटलेले गव्हाचे पीठ आपल्या डब्यात येते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, हे लक्षात घेतले तर त्या चिमूटभर पिठाचे महत्त्व कळते. अशा घरात ज्वारीसाठी वेगळी घरघंटी असणे ही चैन नव्हे. फोडणीच्या बांधानी हिंगातही अनेकदा मैदा असतो, त्यामुळे डबीवरील घटक वाचावेत. खपली गहू देशी आणि पचायला हलका म्हणून दिला जातो, पण तोही गहूच आहे आणि या रुग्णांना तो अजिबात चालत नाही.

पथ्य काटेकोर असूनही दुधाने पोट बिघडत असेल, तर झिजलेल्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडत असते. आतडे भरत जाईल तसे दूध बहुधा पुन्हा सोसू लागते.

केवळ शंकेवरून, तपासणीआधीच गहू सोडू नये. ग्लुटेन बंद झाले की प्रतिपिंडे उतरतात, आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीतही खुणा पुसट होतात आणि खात्रीच्या निदानासाठी रुग्णाला पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो.