धडधडू द्यावं छातीला

तयारीला दोन मिनिटं. मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून तीन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. आपलं संवादकौशल्य कसं आहे, या नोकरीला आपणच कसे लायक आहोत, हे परीक्षकांना पटवायचं. नोकरी खोटी आहे हे माहीत असूनही तोंडाला कोरड पडते, छाती धडधडायला लागते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक लोकांना या प्रसंगातून जायला लावलं. ब्रेट फोर्ड, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यांना एवढंच बघायचं होतं की कोणाला किती त्रास होतो. मनात भीती आली, लाज आली, तर 'हे असं मला वाटायलाच नको' म्हणून स्वतःवर चिडणाऱ्यांना भाषणाचा त्रास जास्त झाला. भीती आलीय तर येऊ दे, अशी ज्यांची एरवीचीच सवय होती त्यांना कमी. याच संशोधनात दुसऱ्या दोनशेहून अधिक लोकांनी दोन आठवडे रोजच्या कटकटींची डायरी लिहिली. तिथेही तेच दिसलं. सहा महिन्यांनी चौकशी केली तेव्हा भावना आहेत तशा स्वीकारणाऱ्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा बरी होती.

या संशोधनातला एक तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. संशोधकांनी दोन स्वीकार वेगवेगळे मोजले होते. एक, परिस्थितीचा स्वीकार. दुसरा, त्या परिस्थितीत मनात जे उठतं त्याचा. मानसिक आरोग्याशी नातं दिसलं ते दुसऱ्याचं. 'आलंय पदरी, घे सोसून' हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, आणि बहुतेक वेळा तो सुनांना, कामगारांना, कर्जात बुडालेल्यांनाच दिला गेला. या संशोधनाचा त्या सल्ल्याला अजिबात आधार नाही. साहेब अन्याय करत असेल तर तक्रार जरूर करावी. ती करताना हात थरथरत असतील तर त्या थरथरण्याशी मात्र भांडत बसू नये.

भांडलं तर काय होतं, ते डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये दाखवलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या ट्रिनिटी विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. अट एकच, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. नंतर याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासूनच ती मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा यांच्या मनात अस्वल आलं.

वेग्नर यांनी पुढे त्याची कारणमीमांसा मांडली. नको असलेला विचार बाहेर ठेवायचा तर तो आलाय का, हे तपासायला मनाला एक पहारेकरी नेमावा लागतो. पहारा देताना त्याला सतत आठवावं लागतं की शोधायचंय कोणाला. आपण थकलेलो किंवा घाईत असलो की विचार हुसकावणारी यंत्रणा ढेपाळते, पहारेकरी मात्र जागाच राहतो.

पहाटे पाचची एसटी गाठायची असते त्या रात्री याचा अनुभव बहुतेकांनी घेतलाय. साडेअकरा, सव्वाबारा, पाऊण. आत्ता झोप लागली तरी चार तास मिळतील, असा हिशेब चालू राहतो आणि प्रत्येक हिशेबागणिक डोळे अधिकच टक्क उघडतात. झोप प्रयत्नाने लागत नाही. प्रयत्नासाठी जी सावध अवस्था लागते तीच झोपेच्या आड येते. म्हणून निद्रानाशावर 1970च्या दशकापासून एक उलटा उपचार वापरला जातो. अंथरुणात पडायचं, दिवा बंद करायचा आणि शांतपणे जागं राहायचा प्रयत्न करायचा. मोबाइल नाही, उठून येरझाऱ्या नाहीत. झोपेसाठीची धडपड थांबली की झोपेची चिंता ओसरते, आणि अनेकांना त्याने फायदा होतो.

इथवर त्रास कमी होण्याची गोष्ट झाली. आनंदाचं काय? कार्नेगी मेलन विद्यापीठात एमिली लिंडसे आणि डेव्हिड क्रेसवेल यांनी ताणाखाली असलेल्या 153 प्रौढांना स्मार्टफोनवरून दोन आठवडे रोज सुमारे वीस मिनिटांचे धडे दिले. एका गटाने शरीरात, मनात काय चाललंय ते फक्त निरखायचं. दुसऱ्याने निरखायचं आणि शिवाय जे जाणवेल त्याला मनातल्या मनात, सौम्य सुरात 'हो' म्हणायचं. मानेत कळ आली, हो. कंटाळा आला, हो. तिसऱ्या गटाला ताण हाताळायच्या इतर युक्त्या शिकवल्या. मग सगळ्यांना भाषणाच्या आणि तोंडी गणिताच्या कसोटीला बसवलं. 'हो' म्हणणाऱ्या गटात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि वरचा रक्तदाब इतरांपेक्षा कमी वाढला. नुसतं निरखणाऱ्यांना तो लाभ झाला नाही. रोजच्या जगण्यात अधूनमधून फोनवर 'आत्ता कसं वाटतंय' विचारलं, तेव्हा आनंदाच्या भावना वाढल्या होत्या त्याही या 'हो' म्हणणाऱ्यांच्याच. संशोधकांच्या मते, त्रासाशी झटापट थांबली की लक्ष मोकळं होतं आणि आजूबाजूचं सुखाचं काही त्याला दिसू लागतं. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात जाऊन आलेल्यांना संवेदनेकडे समतेने पाहण्याची ही शिकवण ओळखीची वाटेल.

म्हणून जगण्याचा लगामच सोडून द्यायचा का? नाही, आणि याचाही पुरावा आहे. 1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना रोपटं स्वतः निवडायला आणि सांभाळायला दिलं, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही त्यांनाच ठरवू दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोपटं आणून दिलं, पाणी घालायचं काम परिचारिकांचं. पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी आणि हालती-फिरती झाली. हाताने करता येण्यासारखं जे आहे ते माणसाच्या हातातून काढून घेऊ नये, मग तो ऐंशीचा का असेना.

घेतलेल्या निर्णयाला मात्र चिकटून राहणं बरं. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये छायाचित्रणाचा वर्ग घेतला. विद्यार्थ्यांनी आपल्या दोन आवडत्या चित्रांच्या प्रती अंधाऱ्या खोलीत स्वतः धुऊन काढल्या आणि त्यांतली एकच घरी न्यायची होती. काहींना सांगितलं, निर्णय आत्ताच आणि कायमचा. काहींना सांगितलं, काही दिवसांत बदलून घेता येईल. ज्यांना बदलण्याची मुभा नव्हती त्यांना आपलं चित्र नंतर जास्त आवडलं. बदलण्याची मुभा असलेले, हेच ठेवावं की ते घ्यावं, या घोळात राहिले. पण यांतल्या कुठल्या वर्गात शिकायला आवडेल असं इतर विद्यार्थ्यांना आधीच विचारलं, तेव्हा बहुसंख्यांनी चित्र बदलू देणारा वर्ग निवडला.