नांगरातला न वाजणारा जी-एच

नांगर, गव्हाण, दुष्काळ, फांदी, मळलेली कणीक, खोकला. विदर्भातल्या खेड्यात रोज तोंडी येणारे हे शब्द इंग्रजीत लिहायला घेतले की सहाही शब्दांत एकच चौकडी येऊन बसते: ओ, यू, जी, एच. अक्षरं तीच, क्रमही तोच. उच्चार मात्र प्लाउ, ट्रॉफ, ड्राउट, बाउ, डो आणि कॉफ. 'प्लाउ' शिकलेल्या पोरानं दुसऱ्या दिवशी 'कॉफ'ला 'काउ' वाचलं, तर त्याचं डोकं अगदी बरोबर चाललं आहे. दिसलेला नियम त्यानं पुढं लावला. मग तो विचारतो, "मॅडम, हे जी-एच वाचाचं का सोडाचं?" या प्रश्नाला खरं उत्तर आहे आणि ते पोराला सांगायलाच हवं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या जागी खरोखर एक आवाज होता. जिभेचा मागचा भाग टाळूजवळ नेऊन हवा घासत सोडली की तो निघतो. उर्दू बोलणारा माणूस 'ख़ान' म्हणताना जो ख काढतो, त्याच्या जवळचा. पुढे लेखनिकांनी त्यासाठी जी-एच ही जोडी वापरली. जर्मन भाषेनं हा आवाज अजून जपला आहे. इंग्रजीतलं 'नाइट' जर्मनमध्ये 'नाख्ट', 'एट' म्हणजे 'आख्ट', 'डॉटर' म्हणजे 'टॉख्टर'. हे तिन्ही शब्द आपल्या घरचेही आहेत: नक्त, अष्ट, दुहिता. इंग्रजीत जिथे मुका जी-एच बसतो, तिथे संस्कृतात क, ष आणि ह वाजतात.

1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि नेमक्या त्याच काळात हा आवाज इंग्रजांच्या तोंडून जाऊ लागला. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वरही जागचे हलले. कागद जागेवर राहिला, जीभ पुढे गेली. वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वहीत 'शाळा' लिहितात, घरी 'शाया' म्हणतात. डोळ्याचा डोया होतो, पोळीची पोयी. लिहिलेला ळ तसाच राहतो.

आता अवघड भाग: तो आवाज काही शब्दांत नुसता गेला, काहींत त्याचा फ झाला. का? करून पाहा. ओठांचा उ करून घशातून 'ख़्' घासत सोडा. हवा गोल ओठांतून बाहेर येते आणि ऐकणाऱ्याला फ सारखं काही ऐकू येतं. ऐकून शिकणाऱ्या मुलांनी काही बोलींत फच उचलला, काही बोलींत आवाज गाळला. प्रमाण इंग्रजीत दोन्हीकडचे शब्द मिसळले. ओठ पसरून 'ई' करत तोच ख़् सोडला तर फचा भास होत नाही. म्हणून जी-एचच्या लगेच आधी आय असेल (उंच अर्थाचा हाय, लाइट, वजन करण्याचा वे, एट) तर तो नेहमी मुका. हा नियम बिनधास्त शिकवावा.

दुसरा भरवशाचा नियम म्हणजे ओ-यू-जी-एचनंतर टी आला की जी-एच मुका. उच्चार 'ऑट', फक्त दुष्काळाचा 'ड्राउट' वेगळा. इथे मूळ क्रियापद धरलं की स्पेलिंग चुकत नाही. 'ब्रिंग'मध्ये आर आहे म्हणून 'ब्रॉट'मध्ये आर. 'बाय'मध्ये नाही म्हणून 'बॉट'मध्येही नाही. 'टीच' आणि 'कॅच'मध्ये ए आहे, म्हणून 'टॉट' आणि 'कॉट'मध्ये ओऐवजी ए-यू. दुष्काळाचा डी-आर 'ड्राय'मधून आला आहे. दोन्हींचं मूळ एकच.

या चौकडीत फ वाजणारे उपयोगाचे शब्द पाचच: रफ, टफ, इनफ, कॉफ, ट्रॉफ. ते पाठच करावेत. 'जी-एच म्हणजे फ' असा नियम फळ्यावर लिहिला, की पोरं 'डो'ला 'डफ' वाचू लागतात.

वर्गासाठी 18 कार्डं पुरतात. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून घ्यावी, साधारण तीन बाय पाच इंच. पुढे शब्द, मागे मराठी अर्थ. उच्चार देवनागरीत पुढच्या बाजूला लिहू नये. डोळा तोच वाचतो, रोमन अक्षरांकडे जातच नाही. पहिल्यांदा बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट. दोन दिवसांनी फचे पाच. मग दो (जरी), ऑल्दो, डो. नंतर प्लाउ, बाउ, ड्राउट. 'थ्रू' (मधून) आणि 'थरो' (सखोल) सगळ्यात शेवटी आणि वेगवेगळ्या दिवशी. दो, थ्रू, थॉट, थरो हे चारही शब्द टी-एचनं सुरू होतात आणि दुरून सारखेच दिसतात. एकाच तासाला शिकवले तर चारही कायमचे गुंतून बसतात.

अमेरिकेत नांगराचं स्पेलिंग आता ओ-डब्ल्यूनं होतं. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत 300 शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायला सांगितलं. थ्रू आणि दो त्यात होते. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, विरोध केला आणि आदेश मागे घ्यावा लागला. त्यामुळे पाठांतर काही चुकत नाही.

श्रुतलेखन दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं घ्यावं. शेवटी एकच वाक्य सांगावं: 'दो द ड्राउट वॉज टफ, वी थॉट द ट्रॉफ हॅड इनफ वॉटर.' चौकडीचे सहा शब्द त्यात आहेत. 'दो'ला शेवटी टी लागला असेल तर ऑटची पाच कार्डं पुन्हा काढावीत. 'टफ' डबल एफनं लिहिला असेल तर फची.