ओली भिंत आधी वाळू द्या

भिंतीला ओल आली की पोपडे खरवडायचे, वर सिमेंटचा जाड गिलावा मारायचा आणि रंग द्यायचा, ही दुरुस्ती सर्रास होते. माती, दगड किंवा विटांच्या जुन्या भिंतीवर ती बहुधा उलटते. भिंतीत शिरलेलं पाणी गिलाव्याने अडत नाही, अडते ती त्याची बाहेर पडण्याची वाट.

विटा, माती आणि चुना यांत बारीक छिद्रांचं जाळं असतं. त्यातून जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने वर चढतं. छिद्र जितकं अरुंद, तितकी चढाई उंच. 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे 15 सेंटिमीटर चढतं, त्याच्या दहाव्या भागाइतक्या त्रिज्येत जवळपास दीड मीटर. खरी भिंत इतकी भिजत नाही, कारण वर चढणारं पाणी वाटेतच पृष्ठभागावरून उडून जातं. चढणं आणि उडणं यांचा हिशेब जुळतो तिथे ओलीची रेघ थांबते. सिमेंटने खालचा भाग बंद केला की उडणं कमी होतं आणि रेघ वर सरकते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून वाफ बाहेर जाऊ शकते. मातीच्या भिंतीचं संकट तर आणखी मोठं. भिजलेल्या मातीची ताकद झपाट्याने घटते आणि कडक सिमेंटच्या आड ती ढासळू लागली तरी बाहेरून पत्ता लागत नाही.

म्हणून आधी पाणी येतं कुठून ते शोधावं. पुष्कळदा दोष जमिनीचा नसतोच. 50 चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटर पाऊस पडला तर 1000 लिटर पाणी होतं. पन्हळ फुटकी असेल तर त्यातलं बरंचसं जोत्याशीच ओतलं जातं. पन्हळ नीट करा, जोत्यालगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, भिंतीला टेकलेले मातीचे ढीग हलवा. महागडी रसायनं टोचण्याआधी एवढं केलं तर बहुतेक वेळा निम्मं काम होतं, असं माझं मत आहे.

मग वाळवण. दर इंच जाडीला साधारण महिना, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे दीड फुटी भिंतीला वर्षाहून अधिक काळ. हे ऐकून घरमालकाचा चेहरा पडतो, पण मोठी शेगडी लावून घाई केली तर माती आणि लाकूड तडकतं. वारा खेळता ठेवणं पुरतं. बुरशीलाही तोच आवर घालतो.

गोठ्याची गोष्ट वेगळी. जनावरांच्या मुतातल्या युरियापासून अमोनिया होतो आणि जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते पाण्याबरोबर भिंतीत चढतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा एकेकाळी अशाच भिंती खरवडून मिळवत. छिद्रांच्या आत वाढणारे स्फटिक विटेचा पापुद्रा उडवतात. सोडियम सल्फेट त्यात फार वाईट, कारण पाणी शोषून त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. कॅल्शियम नायट्रेट तर हवेतलीच वाफ ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा स्रोत बंद केल्यावरही दमट दिवसांत अशी भिंत ओलीच लागते. लोणा कधी धुऊ नये, विरघळून तो परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून लांब टाकावा. मग भिंतीवर चुन्याचा मऊ गिलावा द्यावा, क्षार त्यात उतरतील. तो खराब झाला की काढून नवा द्यावा.

लाकडात शेवटी तपासायची ती तुळईची भिंतीत घुसलेली टोकं. बाहेरून धडधाकट दिसणारं लाकूड तिथे कुजलेलं असू शकतं, म्हणून टोकदार हत्याराने टोचून पाहावं. लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून नवा जोड देता येतो, मात्र तो काम जाणणाऱ्या सुताराकडून आणि तुळईला तात्पुरता टेकू देऊनच. टोक पुन्हा भिंतीत बसवताना भोवती थोडी पोकळी सोडावी, म्हणजे हवा लागत राहते.