जरथुश्त्र

पारशी (जरथुश्त्री) धर्माचा संस्थापक व प्राचीन इराणी प्रेषित. स्पितम हे त्याचे कुलनाम. पित्याचे नाव पोउरुशस्प व मातेचे दुघ्धोवा असे परंपरा सांगते. त्याच्या चरित्राची साधने दोन थरांची असून त्यांत फार मोठे कालांतर आहे. पहिला थर अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या यस्न विभागातील पाच गाथांचा, म्हणजे १७ सूक्तांचा. दुसरा दीनकर्दसारख्या पेहलवी (मध्य फार्सी) भाषेतील ग्रंथांचा. हे ग्रंथ इ.स. नवव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाले आणि त्यांतील चरित्र चमत्कारांनी भरलेले आहे. तो जन्मतःच हसला ही कथा मात्र बरीच जुनी असावी, कारण रोमन लेखक प्लिनीलाही ती माहीत होती. गाथांची भाषा उर्वरित अवेस्ताहून प्राचीन असून त्या खुद्द जरथुश्त्राच्या आहेत, हे मत पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मांडले व ते पुढे बहुतेकांनी स्वीकारले.

काळाविषयी तीव्र मतभेद आहेत. ग्रीक लेखकांनी त्याला इराणी सम्राट झर्क्सीझ किंवा तत्त्वज्ञ प्लेटो यांच्या ६,००० वर्षे आधी नेऊन बसविले. त्या आकड्याला ऐतिहासिक मूल्य नाही. पेहलवी परंपरा त्याला ‘अलेक्झांडरपूर्वी २५८ वर्षे’ असे मानते. इराणवरील अलेक्झांडरचा विजय इ.स.पू. ३३० चा धरल्यास इ.स.पू. ५८८ हे वर्ष येते. ते जरथुश्त्राचा अनुयायी झालेल्या राजा विश्तास्पाच्या दीक्षेचे मानून, आणि त्या वेळी जरथुश्त्र ४२ वर्षांचा होता हे परंपरेचे विधान जमेस धरून, काही विद्वानांनी जन्म इ.स.पू. ६३० च्या सुमाराचा ठरविला. या विश्तास्पालाच इराणी सम्राट दारियसचा त्याच नावाचा पिता समजण्याचा मोहही अनेकांना झाला. परंतु दोन्ही विश्तास्पांच्या वंशावळी जुळत नाहीत आणि दारियसच्या बेहिस्तून शिलालेखात अहुर मज्द या ईश्वराचा वारंवार उल्लेख असूनही जरथुश्त्राचे नाव नाही. याउलट गाथांची भाषा व छंद ऋग्वेदाला इतके जवळचे आहेत, आणि त्यांतील समाज इतका पशुपालक आहे, की इ.स.पू. सु. १५०० ते १००० हा काळ अधिक संभवनीय वाटतो. जन्मभूमी म्हणून अझरबैजान व रय यांची नावे घेतली जातात. तथापि अवेस्तातील स्थलनामे मुख्यतः पूर्व इराण व मध्य आशियाकडे निर्देश करतात.

गाथांतून जरथुश्त्राचे जे दर्शन घडते ते त्रोटक, पण जिवंत आहे. तो स्वतःला झओतर, म्हणजे यज्ञ चालविणारा पुरोहित, म्हणवितो. ‘कोणत्या भूमीकडे मी पळून जाऊ?’ असे विचारून आपली गुरे थोडी व माणसेही थोडी म्हणून आपण दुर्बळ आहोत, असे तो मज्दाला सांगतो. ऐन हिवाळ्यात, गाडीची दोन्ही जनावरे थंडीने कापत असताना, एकाने आपल्याला आसरा नाकारला, ही तक्रारही एका सूक्तात आहे. पुढे विश्तास्प, फ्रशओश्त्र व जामास्प हे त्याचे पाठीराखे झाले.

अहुर मज्द हा ज्ञानी व सर्वश्रेष्ठ ईश्वर, अश (सत्य व विश्वनियम) आणि द्रुज (असत्य) यांतील विरोध, आणि यांपैकी एकाची निवड करण्याचे प्रत्येक स्त्रीपुरुषाचे स्वातंत्र्य हा त्याच्या शिकवणुकीचा गाभा होय. दैवांची, म्हणजे जुन्या देवांची, उपासना व गुरांवरील क्रूरता यांचा त्याने निषेध केला. हओम या यज्ञातील पेयाच्या प्राशनालाच त्याचा विरोध होता की केवळ त्यातील उन्मादाला, हा प्रश्न सुटलेला नाही. यस्न ३० मधील जुळ्या आत्म्यांवरून त्याला द्वैतवादी ठरविण्यात येते. पण अहुर मज्द व अंग्र मइन्यु (दुष्ट आत्मा) यांना समोरासमोर उभे करणारी मांडणी उत्तरकालीन आहे. गाथांत मज्दाच्या तोडीचा दुसरा ईश्वर नाही. मृत्यूनंतर चिन्वत पुलावर होणारा निवाडा व अखेरीस सृष्टीचे नूतनीकरण या कल्पना मात्र गाथांतच बीजरूपाने आढळतात.

त्याच्या अखेरीविषयी गाथा काहीच सांगत नाहीत. वयाच्या ७७ व्या वर्षी एका तुराणी माणसाच्या हातून तो मारला गेला, असे पेहलवी परंपरा मानते. पारशी पंचांगातील दए महिन्याच्या ११ व्या दिवशी त्याची पुण्यतिथी ‘जरथोश्त नो दीसो’ या नावाने पाळली जाते.