चकवा लागतो म्हणजे काय होतं?

रात्री पायवाट सुटते, तासभर चालून माणूस पुन्हा त्याच आंब्याखाली येतो, आणि गावात म्हणतात, "चकवा लागला." भुताचं सोडा, पण गोल फिरणं खरं आहे.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलंच. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अंगावर जीपीएस बांधून सहा जणांना सपाट, घनदाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. आभाळ भरलेलं असताना चाललेले चौघेही गोल फिरले. त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, आणि त्यांना पत्ताही नव्हता! ऊन होतं तेव्हाचे दोघे मात्र जवळजवळ सरळ गेले. ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसत होता तोवर ठीक होता. चंद्र दिसेनासा झाला तसा वळत वळत आल्या दिशेला लागला. डोळे बांधले, तर कधीकधी २० मीटरहूनही कमी व्यासाच्या रिंगणात माणसं फिरू लागली.

एक पाय किंचित आखूड असतो म्हणून माणूस वळतो, ही जुनी समजूत यात टिकली नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. 'सरळ' म्हणजे कुठे, हा अंदाज मेंदू आतल्या कानाच्या आणि पायांच्या संवेदनांवरून बांधतो. त्यात पावलागणिक बारीक चूक होते आणि चुका साठत जातात. सूर्य, डोंगर अशी लांबची खूण दिसली तरच हिशेब जुळतो.

म्हणून मला जाणत्यांचा जुना सल्ला फार आवडतो: चकवा लागला की बसून राहा, उजाडलं की सुटतो. उजाडल्यावर खुणा दिसतात, एवढंच!

सह्याद्रीत ढोरवाटा फसवतात, हे ट्रेकला जाणाऱ्यांना ठाऊक असतं. ठळक वाट पुढे फुटते, गवतात विरते. अशा वेळी शेवटची ओळखीची खूण जिथे दिसली तिथवर मागे फिरावं. 'ओढ्याच्या कडेनं खाली उतरा' हा पुस्तकी सल्ला इथे जिवावर बेतू शकतो, कारण बेसॉल्टच्या थरांवरून ओढा थेट कड्यावरून कोसळतो आणि उतरलेला टप्पा परत चढता येत नाही.

निरभ्र रात्री ध्रुव शोधावा. महाराष्ट्रात तो क्षितिजापासून साधारण १६ ते २२ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका वर. समोर डोंगर असेल तर तोही झाकलेला.